तीन श्रोते आणि एक बोलके पुस्तक

गेल्या अंकात आम्ही आमच्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटास लागलेल्या वाळवीविषयी लिहिले होते. अंक हाती आला त्या दिवशी आमचे धाकटे काका इंग्लंडहून बेळगावच्या घरी आलेले होते. त्यांना तो मजकूर आम्ही वाचून दाखविला. काकांनी “बरे आहे, पण लांबले आहे” एवढाच अभिप्राय दिला. त्यांची नात मात्र मध्येच म्हणाली, “मग पुस्तक ऐकायचं ना! कानाला कुठे वाळवी लागते?” आम्ही हसलो. परंतु मुख्याध्यापकास त्याच्याच घरात कोणी असे उत्तर द्यावे आणि त्याने ते हसण्यावारी न्यावे, हे फार वेळ चालत नाही. पुस्तक ऐकणे म्हणजे पुस्तक वाचणे नव्हे, असे आम्ही जरा वरच्या पट्टीत सांगितले. आणि तसे नसेल तर ऐकवून दाखव, असे आव्हानही दिले. त्यानंतरच्या आठ रात्री आमच्या सोप्यात जे घडले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

काका १९६२ साली डॉक्टर होऊन विलायतेस गेले. उत्तर इंग्लंडमधील एका गावच्या इस्पितळात लागले आणि तिकडचेच झाले. आज त्यांचे वय ८८ आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजत गेल्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही. कडेकडेचे थोडे दिसते. आम्हांस ते आवाजावरून ओळखतात, आणि घरातील खांब, पायऱ्या, देवघराचा उंबरठा हे सारे त्यांना पायांनी पाठ आहे. नात तिकडेच जन्मलेली. मराठी सगळे समजते, बोलते ते अडखळत, आणि वाचता मुळीच येत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घराघरांतून ही अवस्था वाचकांस अपरिचित नसावी. आम्हांस तिचे वाईट वाटले. तिला स्वतःला फारसे वाटत नसावे.

तिने निवडलेले पुस्तक होते ‘डॉक्टर हू अँड द डालेक्स’. मोबाईल एका लहानशा स्पीकरला जोडून तिने तो चौरंगावर ठेवला, जणू पोथीच मांडली. आमचे कुटुंब “मला इंग्रजीतलं काय कळणार” म्हणून स्वयंपाकघरात गेले. म्हणून मथळ्यात आम्ही तीनच श्रोते धरले आहेत.

ज्यांस ही मालिका ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. त्या गडबडीत पहिला भाग पुष्कळांच्या पाहण्यातून सुटला, म्हणून पुढल्या शनिवारी तो पुन्हा दाखवून मगच दुसरा भाग दाखविण्यात आला. लंडनमधील कोल हिल नावाच्या शाळेत इयन चेस्टरटन हे विज्ञानाचे शिक्षक आणि बार्बरा राइट या इतिहासाच्या शिक्षिका आहेत. त्यांच्या वर्गातील सुझन नावाची मुलगी कित्येक बाबतीत शिक्षकांच्याही पुढे आहे, आणि अगदी साध्या व्यवहाराच्या गोष्टीत मात्र चुकते. या चमत्काराने चिंतित होऊन ते दोघे शाळा सुटल्यावर तिच्या घराचा पत्ता शोधीत निघतात. तो पत्ता निघतो एका भंगाराच्या आवाराचा. तेथे उभी असते पोलिसांना दूरध्वनी करण्याची निळी पेटी. बाहेरून कपाटाएवढी, आत दिवाणखान्याहून मोठी. ती काळातून आणि अवकाशातून प्रवास करते, आणि तिचा मालक म्हणजे सुझनचा आजा, डॉक्टर. शाळेच्या वेळेबाहेर एका विद्यार्थिनीची एवढी काळजी वाहणारे दोन शिक्षक पाहून आमचे मन भरून आले, हे आम्ही लपवीत नाही.

डालेक आले ते या मालिकेच्या दुसऱ्या कथेत. टेरी नेशन यांनी ती लिहिली. स्कॅरो नावाच्या ग्रहावर अणुयुद्ध होऊन गेलेले आहे. अरण्य दगडासारखे झाले आहे, आणि युद्धातून उरलेल्यांपैकी एका जातीचे विद्रूप जीव धातूच्या कवचात बसून पोलादी नगरात फिरतात. ते डालेक. पुष्कळ लोक त्यांस यंत्रमानव समजतात, पण ते खरे नाही. आत जीव आहे, आणि भीती त्याचीच वाटते. क्यूबाच्या पेचप्रसंगास तेव्हा जेमतेम एक वर्ष उलटले होते. मुलांना हे खेळणे वाटले, मोठ्यांना तसे वाटले नसेल, असे काका म्हणाले.

या सात भागांच्या कथेची कादंबरी डेव्हिड व्हिटकर यांनी केली. ती १९६४ च्या नोव्हेंबरात निघाली आणि १९७३ मध्ये स्वस्त आवृत्तीत पुन्हा निघून घराघरांत पोचली. तिचे वैशिष्ट्य असे की, सबंध कथा इयन स्वतः सांगतो. ‘मी’ म्हणून सांगतो. आणि २००५ साली तिचे बोलके पुस्तक काढताना वाचक म्हणून बोलाविले ते विल्यम रसेल यांना, म्हणजे १९६३ मध्ये ज्यांनी पडद्यावर इयनची भूमिका केली त्याच नटास. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. पुस्तक वाचले तेव्हा ८०.

पहिल्याच रात्री ठिणगी पडली. कादंबरी सुरू होते ती शाळेत नव्हे, तर लंडनच्या बार्न्स कॉमन या माळावरच्या दाट धुक्यात. इयन नोकरीच्या मुलाखतीत निराश होऊन मोटारीने परतत आहे. वाटेत अपघात, अंधारातून धडपडत आलेली बार्बरा, आणि मग ती निळी पेटी. बार्बरा येथे सुझनला खाजगी शिकवणी देणारी आहे. कोल हिल शाळेचा पत्ताच नाही.

काका खुर्चीत ताठ झाले. “बंद कर. हे असं नाही. ते मास्तर होते. शाळेतून निघाले ते. अपघात कुठला आणलाय मध्येच?”

नात म्हणाली, “आजोबा, पुस्तकात असंच आहे.”

“पुस्तकात काही असेल. मी पाहिलंय.”

येथे आम्ही काकांच्या बाजूचे होतो, आणि कारण केवळ वयाचे नव्हते. आमच्या व्यवसायाचा असा बिनचौकशीचा लोप आम्हांस रुचणार कसा? परंतु थोडा विचार करता व्हिटकर यांची अडचण कळली. ते काही बाहेरचे नव्हते. मालिकेचे पहिले कथासंपादक तेच. घडले कसे हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार! तथापि डालेकांची कथा दुसरी. तिच्याआधी चार भागांची एक कथा होऊन गेली होती, अश्मयुगातील गुहावासी आणि त्यांचा हरवलेला अग्नी यांची. पुस्तक हाती घेणाऱ्या मुलास पात्रांची ओळख तर करून द्यायची, आणि डालेकांपर्यंत लवकर न्यायचे. म्हणून त्यांनी आरंभ नवा रचला आणि गुहेतील ते तीन आठवडे सरळ गाळून टाकले.

इंग्लंडमधील श्रोत्यांची या पुस्तकाविषयीची मते नातीने आम्हांस आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगितली. भांडणाचा मुख्य विषय हाच आहे. ज्यांनी मालिका आधी पाहिली त्यांस धुक्यातला आरंभ खटकतो. ज्यांच्या हाती लहानपणी आधी पुस्तक पडले त्यांस तोच आरंभ खरा वाटतो आणि पडद्यावरची शाळा उपरी. आणि अशांची संख्या लहान नाही, कारण त्या काळी एकदा दाखविलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. इतकेच नव्हे, बीबीसीने साठीच्या दशकातील पुष्कळ ध्वनिचित्रफिती पुसून टाकल्या. या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग असे नाहीसे झाले. मात्र त्या सर्व भागांचा आवाज शिल्लक आहे. कोणा कोणा मुलांनी घरी दूरचित्रवाणी संचापुढे टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून ठेवला होता! घरातल्यांनी तेव्हा त्यांना ‘हा काय नसता उद्योग’ म्हटले असेल. डालेकांचे सातही भाग सुदैवाने वाचले आहेत. २०२३ मध्ये बीबीसीने स्वतःच त्यांना रंग देऊन, कापून ७५ मिनिटांचे केले. तेव्हा मूळ कोणते आणि फेरफार कोणता, याचा निवाडा आता मूळ मालकासही कठीण झाला असावा.

दुसऱ्या रात्री काकांनी एक गोष्ट अभिमानाने सांगितली. या मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौस जन्मलेले. लेखिका आतिया हुसेन यांचे चिरंजीव. “आपल्याकडचा पोरगा. पंचवीस वर्षांचा नव्हता तेव्हा. मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं असतं.” परक्या गावी एकट्या राहणाऱ्या तरुण डॉक्टरास असे सांगण्यासारखे काही असण्याची किती गरज भासत असेल, हे त्या वाक्यावरून आम्हांस कळले.

वाद दुसराही आहे, तो ध्वनींचा. या पुस्तकांत वाचनाच्या मागे अधूनमधून संगीत आणि आवाज घातलेले असतात. काही श्रोत्यांस त्यावाचून ते सुने वाटते. काहींस त्यांचा उपद्रव होतो. आमचे मत उपद्रवाच्या बाजूचे आहे, आणि त्यास आधार कीर्तनाचा आहे. एकटा कीर्तनकार कृष्ण होतो, सुदामा होतो, सुदाम्याची बायकोही होतो. पोह्यांची पुरचुंडी सोडल्याचा आवाज त्यास वेगळा काढावा लागत नाही. हे आम्ही बोलून दाखविले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “आणि मागे पेटी-तबला काय मुकाट बसलेला असतो?” इंग्रजी न कळणाऱ्या चौथ्या श्रोत्याचा हा शेरा आम्हांस निरुत्तर करून गेला.

नातीचा जन्म २००५ नंतरच्या नव्या मालिकेच्या वेळचा. तिचे डालेक पितळी रंगाचे आणि उडणारे. जुन्या, सपाट जमिनीवरून घरंगळणाऱ्या डालेकांस ती पडद्यावर हसत असे, असे तिने कबूल केले. “पण ऐकताना नाही हसू येत,” ती म्हणाली. कादंबरीत डालेकांचा नायक काचेच्या कवचात बसलेला आहे, त्यामुळे आतला जीव दिसतो. पडद्यावर असा डालेक नव्हताच. तो प्रसंग आला तेव्हा तिने पाय वर खुर्चीवर घेतले. काकांनी मात्र तक्रार केली, “हाही नव्हता.” पण बंद कर म्हणाले नाहीत. खरे सांगायचे तर तो काचेचा नायक आम्हांस त्या रात्री बराच वेळ झोप येऊ देईना. आम्ही ही मालिका कधी पाहिलेली नाही, तेव्हा आमच्यापुढे जे उभे राहिले ते सर्वस्वी कानावाटे. वाचून ते तसेच उभे राहिले असते काय? राहिले असते, असे आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना स्वतःस बजाविले.

पाचव्या रात्री काकांनी आवाजाविषयी नाराजी बोलून दाखविली. “माणूस म्हातारा झाला. इयन तरणा होता. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. हा दमल्यासारखा बोलतो.”

हेही मत तिकडे पुष्कळांचे आहे, नात म्हणाली. तिचे स्वतःचे निराळे होते. इयन आपली गोष्ट सांगतो आहे ती घडत असताना नव्हे, घडून गेल्यावर. किती वर्षांनी, हे पुस्तकात कोठे म्हटले आहे? चाळीस वर्षांनी सांगत असेल तर आवाज असाच असणार. आम्हांस हा मुद्दा बिनतोड वाटला. व्याकरणाचा भूतकाळ आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो, पण भूतकाळास वय असते हे कोणा विद्यार्थ्याने आम्हांस असे दाखवून दिले नव्हते.

“२०२२ मध्ये ते परत आले होते मालिकेत,” ती पुढे म्हणाली. “थोडाच वेळ. ९७ वर्षांचे होते. इयन म्हणूनच. मी रडले.” इयन मालिकेतून गेला तो १९६५ च्या जूनमध्ये, मध्ये सत्तावन्न वर्षे लोटली होती. एकाच भूमिकेत इतक्या अंतराने परतण्याचा तो विक्रम ठरला.

काकांनी विचारले, “आहे का अजून?”

ती क्षणभर थांबली. “नाही, आजोबा. २०२४ मध्ये गेले. ३ जूनला. ९९ वर्षांचे होते.”

“माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा,” काका म्हणाले. त्यानंतर आवाजाविषयी ते काही बोलले नाहीत. उलट सहाव्या रात्री जेवण आटोपताच त्यांनीच “लाव” म्हणून सांगितले.

पुस्तक संपले त्या रात्री नातीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. “आता तुम्ही सांगा. तुम्ही पाहिलं ते. मी रेकॉर्ड करते. मराठीत सांगा.”

काकांनी सांगितले, आणि सुरेख सांगितले. केनेडींची बातमी आली त्या रात्री वॉर्डात एक वृद्ध परिचारिका तोंडाला हात लावून कशी उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मेसमध्ये कोळशाच्या शेगडीपाशी सहा जण, आणि कोपऱ्यात काळापांढरा संच. ते दोन शिक्षक, ती मुलगी, तो तिरसट म्हातारा, ती पेटी. “आणि दार उघडलं तर बाहेर सगळं पांढरं अरण्य. दगडाचं. आणि मग ते डालेक आले.”

“त्याच दिवशी?” नातीने विचारले.

“त्याच दिवशी. म्हणजे लगेच.”

आम्ही शिक्षक, चूक दिसली की जीभ वळवळते. पण तिनेच हळू आवाजात सांगितले की, डालेकांची कथा सुरू झाली २१ डिसेंबरला. त्या दिवशीही अखेरीस दिसला तो फक्त डालेकाचा पुढे आलेला हात आणि किंचाळणारी बार्बरा. सबंध डालेक दिसला २८ डिसेंबरला. मध्ये गुहावासी होते, तीन शनिवार. आजोबांच्या लखनौच्या पोराने केलेले.

“गुहा?” काका म्हणाले. “गुहा-बिहा काही नव्हती.”

म्हणजे व्हिटकरसाहेबांनी जे गाळले, नेमके तेच काकांनीही गाळले होते. पहिल्या रात्री ज्या अपराधाबद्दल त्यांनी पुस्तक बंद करावयास सांगितले, तो त्यांच्या हातून साठ वर्षांपूर्वीच घडून गेला होता. आम्हांस हसू येऊ लागले. हे बोलून दाखवावे म्हणून आम्ही मान वर केली, आणि काकांच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेल्या आमच्या आजीच्या तसबिरीकडे दृष्टी गेली. तिच्याखाली तारीख रंगविलेली आहे: ५ डिसेंबर १९६३. लहानपणापासून आम्ही ती पाहत आलो. काकांना ती आता दिसत नाही, आणि नातीला ती अक्षरे वाचता येत नाहीत.

आम्ही काही बोललो नाही. सोप्यात थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

“मध्ये मी मेसमध्ये गेलो नव्हतो,” काका म्हणाले. “तीन आठवडे तरी. खोलीवर बसायचो ड्यूटी संपली की. तार आली होती.”

“कसली तार?” नातीने विचारले. तिला हे कधी कोणी सांगितले नव्हते.

काका सांगू लागले. आमचे कुटुंब पदरास हात पुशीत येऊन उंबरठ्यावर बसले. मोबाईल चालूच होता. तो बंद करावा असे त्या मुलीस सुचले नाही, आणि आम्हीही सुचविले नाही. ती नोंद सुमारे तासाभराची झाली आहे. एक प्रत ती घेऊन गेली, एक आमच्यापाशी आहे. काकांचा आवाज मध्ये दोनदा बसला आहे, आणि पाठीमागे शेजारच्या घरातील कुकरच्या शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात.